रुपेशने गाळलेला होकार

“तुझं नाव रुपेश?”

“व्हय म्हाराजा.”

“तू मुलगी आहेस?”

“व्हय म्हाराजा.”

“तुला मागे शेपूट आहे?”

“व्हय म्हाराजा!”

हे शेवटचं उत्तर त्याने एवढ्या दणक्यात दिलं की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली. मी पेन खाली ठेवलं. टेबलापलीकडे एकवीस वर्षांचा धिप्पाड रुपेश खुशीत डुलत होता. डोक्यावर निळी टोपी, घट्ट बसवलेली. त्याची आई, सुनंदाताई, त्याच्या पाठीमागे भिंतीशी बसल्या होत्या. मीच तिथे बसवलं होतं. आईचा चेहरा समोर दिसला की मुलं उत्तर त्या चेहऱ्यावरून उचलतात.

“बगा,” त्या अभिमानाने म्हणाल्या, “सगलं समजतंय त्याला. कसा पटापट बोलतोय!”

आता या माउलीला काय सांगायचं?

मी स्पीच थेरपिस्ट. महाडला माझा दवाखाना आहे. लोकांना वाटतं आम्ही फक्त तोतरेपणा घालवतो. तेही करतो. पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरीच मुलं अशी असतात, ज्यांना बोलता येत नाही किंवा एखाददुसरा शब्द येतो. त्यांना भाषा किती समजते हे शोधायचं. याला आम्ही असेसमेंट म्हणतो. समजणं वेगळं आणि सांगणं वेगळं. एखाद्याला सगळं समजतं पण सांगता येत नाही. एखादा घडाघडा बोलतो आणि त्यातलं त्याला काही कळत नसतं. हे दुसरं प्रकरण जास्त फसवं.

रुपेशला तीव्र बौद्धिक अपंगत्व आहे. बोलणं म्हणाल तर एवढंच एक वाक्य. ते कुठून आलं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावातला एक जाणता माणूस देवाला हाक मारून मोठ्याने एकेक मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली सगळी माणसं एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” रुपेशचा चुलता, धोंडूकाका, हा त्यांच्या वाडीतला गाऱ्हाणं घालणारा माणूस. रुपेश लहानपणापासून त्याच्या पायाशी बसलेला. एवढी एकच गोष्ट जिभेवर बसली, आणि ती मात्र पक्की बसली.

पण पाठ झालेलं बोलणं म्हणजे भाषा नव्हे. फोनवर आपण नुसतं “हं, हं” करत राहतो आणि समोरचा काय म्हणाला ते विचारलं तर सांगता येत नाही, तसंच हे. मी चमचा, पेला, चप्पल मांडून पाहिली. बोट दाखवून मागितलं की बरोबर वस्तू यायची. हात मांडीखाली घेऊन, फक्त तोंडाने मागितलं की कधी यायची, कधी नाही. आणि प्रश्न विचारला की होकार ठरलेला. आमच्या भाषेत, हो-नाही भरवशाचं नाही.

एरवी मी हे लिहून मोकळी झाले असते. पण या वेळी त्या “हो-नाही”वर बरंच काही अडलं होतं.

रुपेशचं गाव पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या पुढची एक वाडी. वडील नाहीत. आई दुसऱ्यांच्या शेतावर जाते. मागच्या पावसाळ्यात आई लावणीला गेलेली असताना हा दार ढकलून निघाला आणि थेट हायवेवर सापडला. ट्रकच्या रांगेमधून चालत होता. तेव्हापासून मोठ्या भावाने, महेशने, धसका घेतला. महेश मुंबईत टेम्पो चालवतो. त्याने दूरच्या जिल्ह्यात एक निवासी संस्था शोधली होती. तिथून मुलगा वर्षातून एकदोनदा घरी येणार. सुनंदाताईंना ते नको होतं. त्यांना महाडमधली दिवसाची कार्यशाळा हवी होती. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणायचं.

ती कार्यशाळा शबाना चालवते. माझी जुनी मैत्रीण. तिच्याकडे अशी मोठी झालेली मुलंमुली मसाल्याची पाकिटं भरतात, चिकटवतात, खोक्यात रचतात. पाकिटं बंद करायचं सीलिंग मशीन असतं. त्याची पट्टी तापते.

शबाना त्या दिवशी माझ्याच टेबलाशी बसलेली होती. रुपेशचं शेपूट ऐकून ती आधी हसली आणि मग गंभीर झाली.

“वैशाली, हा मुलगा गोड आहे. पण मला हो म्हणणारी मुलं नकोत. नाही म्हणता येणारी हवीत.”

“अगं पण—”

“पण नाही. माझ्याकडे एक मुलगी होती. मशीनचा चटका बसला. मी विचारलं, बरी आहेस? ती म्हणाली, हो. दुखतंय का? हो. काम करतेस? हो. संध्याकाळी हातावरचा फोड तिच्या आईला दिसला. आणि मशीनचं सोड, उद्या कुणी याला म्हणालं की चल माझ्याबरोबर, कुणाला सांगू नकोस, तर हा काय म्हणेल?”

रुपेशने मान वर केली. “व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.

शबानाचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच मला तिचा राग आला. माझा स्वभाव असा की बरोबर बोलणाऱ्या माणसावरच मी आधी चिडते.

संध्याकाळी महेशचा फोन आला. “मॅडम, तिकडची सीट कन्फर्म हाय. येत्या नाय, त्याच्या पुढच्या सोमवारी सांगायचंय, हो का ना. आई रडते म्हणून थांबलोय. पण तुमच्याकडून नाय झालं तर मी टेन्शन नाय घेणार, नेऊन सोडणार. पुन्हा हायवेवर गेला तर कोन जबाबदार?” त्याचंही खोटं कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी सुनंदाताईंनी मला गावी बोलावलं. “रविवारी देवीपुढं गाऱ्हानं घालतोय, रुपेशला काम लागावं म्हनून. तुमी याच. हितं दवाखान्यात तो बावरतो.” बावरलेला तर मला कुठेच दिसला नव्हता. तरी मी गेले. माणूस आपल्या घरात कसा वागतो हे पाहणं असेसमेंटचाच भाग असतो. महाडमध्ये त्या दिवशी चवदार तळ्यावर येणाऱ्या लोकांची रीघ लागली होती, त्यामुळे शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागला. पोहोचले तेव्हा देवळासमोर माणसं जमली होती आणि रुपेश मधोमध उभा होता. काखेत एक तांबडा कोंबडा.

“हा तांबड्या,” सुनंदाताई म्हणाल्या. “ह्याचाच हाय. दाने ह्यानंच घालायचे, खुराड्यात ह्यानंच सोडायचा. दुसऱ्यानं हात लावला की बोंब मारतो.”

धोंडूकाकांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं. काय आवाज त्या माणसाचा! देवळाची कौलं थरथरतील असा.

“बा आये म्हाराजा, आज ही लेकरं तुझ्या पायाशी हुबी हायत, त्यांची राखन कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. रुपेश सगळ्यांच्या वर.

“गुरावासरांना चारापानी दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या रुपेशची वाट मोकली कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“त्याचं काम झालं, तर हा तांबड्या तुज्या नावानं देऊ म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पंचवीस-तीस माणसांचा आवाज घुमला.

धंद्याची सवय म्हणा, मी लोकांच्या चेहऱ्याकडे न बघता तोंडाकडे बघते. मी रुपेशच्या तोंडाकडे बघत होते. ते बंद होतं.

घट्ट बंद. ओठ आत ओढलेले. कोंबड्यावरचा हात आणखी आवळलेला.

आणि तेवढ्यात सुनंदाताईंचं कोपर हललं. अगदी सहज, सवयीने, त्याच्या बरगडीत. रुपेशने मान खाली घातली आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर बारीक आवाजात म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

मला तिथेच उडी मारावीशी वाटली. देवळापुढे उभी होते म्हणून नाही मारली. पुढचं गाऱ्हाणं मी ऐकलंच नाही.

संपल्याबरोबर मी सुनंदाताईंना बाजूला घेतलं. “ताई, तुम्ही त्याला ढोसलंत का?”

“हां. मधीच गप ऱ्हातो कदी कदी. देवाला नाय म्हनू नये, मॅडम. बरं नसतं ते. लहान व्हता तवापासून मी लक्ष ठेवते.”

“कधी गप्प राहतो?”

“काय ठाव. लहर येते त्याला.”

लहर! इतकी वर्षं हा मुलगा नाही म्हणत होता, आणि घोळक्याच्या आरोळीत ते कुणाला ऐकू जात नव्हतं. जिला दिसत होतं ती प्रेमाने कोपर मारून त्याचा हो करून घेत होती. दवाखान्यात मी त्याला शेपटाबद्दल विचारत बसले होते. शेपूट असलं काय नि नसलं काय, त्याचं काय बिघडत होतं? नकार द्यायला आधी काहीतरी आपलं पणाला लागावं लागतं. त्याचं होतं, कोंबडा.

पण एकदा घडलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. कोंबड्याने चोच मारली असेल. आवंढा गिळला असेल. मी जितकी खूश झाले होते तितकीच मला भीती वाटायला लागली की हा माझा भास असणार. मग मी धोंडूकाकांकडे गेले आणि म्हटलं, “काका, मला तुमचं गाऱ्हाणं तपासणीसाठी हवंय.”

काका ताठ झाले. “तपासनीला? देवाला खोटं गाऱ्हानं घालू? नाय जमायचं.”

“देवाला नको. शबाना मॅडमना घाला.”

“आँ?”

“जागा द्यायची की नाही ते त्यांच्या हातात आहे. मागणं त्यांच्याकडेच आहे ना आपलं?”

काकांनी जरा विचार केला आणि असे खदखदून हसले की तांबड्या फडफडला. “मंग घालतो की! आमदाराला घालतात, मॅडमला का नाय?”

गाऱ्हाणंच का, तर त्याचं कारण आहे. आपण साधा प्रश्न विचारतो तेव्हा आपला आवाज उत्तर सांगून टाकतो. “चहा हवा ना?” यातला सूर वेगळा आणि “मार हवा का?” यातला वेगळा. ज्याला शब्द कळत नाहीत तोही सुरावरून ओळखतो. गाऱ्हाण्याचा सूर मात्र प्रत्येक वाक्याला तोच. मागणं चांगलं असो की वाईट, शेवट तसाच आणि थांबायची जागाही तीच. शिवाय त्या जागी “व्हय म्हाराजा” म्हणायची त्याला इतकी जबरदस्त सवय. ती सवय मोडून तो गप्प राहिला, तर शब्द कळल्याशिवाय राहणार नाही. अशी तपासणी मी बसून बनवू म्हटलं असतं तरी बनली नसती.

शुक्रवारी आम्ही शबानाच्या कार्यशाळेत जमलो. शबानाला खुर्चीवर बसवलं. ती ओढणी सावरत म्हणाली, “वैशाली, मला देवीबिवी करू नकोस हं. घरी कळलं तर काय म्हणतील?”

“तू तू म्हणूनच बस. फक्त तोंड हलवू नकोस.”

काकांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायला नको. वाक्यं मी त्यांना बाहेर नेऊन सांगून ठेवली होती. कोंबडा कापण्याचं एकही नाही, मुलाला रडवून तपासणी करायची नसते. सुनंदाताईंना दाराबाहेर बसवलं. त्या कुरकुरल्या. “मी जवल नसले तर तो बोलनार नाय.” मी म्हटलं, “तेच तर बघायचंय.”

“बा शबानाबाये म्हाराजा!” काकांनी भिंतीला हाक दिली. शबानाने ओठ चावले. “रुपेशला चाय दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तांबड्याला दाने घाल म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तांबड्याला बाजारात वीक म्हाराजा!”

काहीच नाही.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. रुपेशने ओठ आत ओढले होते. तोच चेहरा, देवळापुढचा! मी ठरवल्याप्रमाणे थांबले, काकाही थांबले. कोपर मारायला कुणी नव्हतं. रुपेश गप्पच राहिला.

“रुपेशची चाय धोंडूला दे म्हाराजा!”

गप्प.

“रुपेशला बिस्कुट दे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मिठ्ठास हसून.

उलटसुलट करून काकांनी पुढे बरंच घातलं. दोन्हीकडे तांबड्याच, पण दाणे म्हटलं की हो आणि बाजार म्हटलं की गप्प. चहा तोच, पण कुणाला द्यायचा ते बदललं की उत्तर बदलत होतं. म्हणजे नुसता ओळखीचा शब्द नाही, वाक्य पोहोचत होतं! शबाना माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मी तिला डोळ्यांनीच दटावलं.

“रुपेशची टोपी मॅडमना देऊन टाक म्हाराजा!”

यावर माझ्या कागदावर अपेक्षित उत्तर होतं, गप्प. ती निळी टोपी तो झोपतानाही काढत नाही, असं त्याच्या आईने सांगितलं होतं.

रुपेशने माझ्याकडे बघितलं. जरा विचार केला असावा. मग “व्हय म्हाराजा” म्हणाला, उठला, टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर दाबून बसवली, पार कानांपर्यंत.

शबाना इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले, आणि मग मला जरा रडूही आलं, खोटं कशाला सांगू. माझ्या हिशोबाने त्याचं उत्तर चुकलं होतं. त्याच्या हिशोबाने टोपी त्याची होती आणि द्यायची की नाही हे त्याने ठरवलं होतं. एवढं स्पष्ट उत्तर मला धडधाकट माणसांकडूनही क्वचित मिळतं.

“मला हे रोज करता यायला हवं,” शबाना डोळे पुसत म्हणाली. “काका काही रोज येणार नाहीत.” तिने रुपेशला टेबलाशी बसवलं, मशीनपासून लांब. रिकामी पाकिटं पुढे ठेवली आणि रचून दाखवली. त्याने एकावर एक ठेवायला सुरुवात केली. कडा जुळल्या नाहीत की परत उचलायचा. बराच वेळ तो त्यात बुडून गेला. मग शबाना त्याच्याशेजारी बसली आणि आयुष्यातलं पहिलं गाऱ्हाणं घातलं. सूर काकांच्या जवळपासही नव्हता.

“रुपेश आता घरी जाईल... म्हाराजा!”

दार उघडून सुनंदाताई आत आल्या होत्या. त्यांनी वाक्य ऐकलं. रुपेश त्यांच्या हाताच्या अंतरावर बसलेला. त्याने मान वर केली नाही. हातात पाकीट, ओठ आत.

सुनंदाताईंचं कोपर उठलं. मी बघत होते. ते हवेत राहिलं आणि मग हळूच खाली आलं. त्यांनी तो हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

“नाय म्हनतोय,” त्या पुटपुटल्या. “मॅडम, तो नाय म्हनतोय. जायचं नाय त्याला.” आणि मग त्या भिंतीला टेकून रडायला लागल्या. “माज्या सोन्या, किती येला नाय म्हनला असशील रे! मी आपली ढोसतेय, ढोसतेय.”

काका नाक ओढत भिंतीकडेच बघत राहिले. रुपेशने पुढचं पाकीट उचललं.

महेशला मी फोनवर सगळं सांगितलं. त्याने टेम्पो बाजूला घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, “म्हणजे शिमग्याला मी इचारलं, मुंबईला येतोस काय, तवा गप ऱ्हायला, ते पण नायच व्हतं?” मी म्हटलं, बहुतेक. “मी त्याला ओढून नेलेला, मॅडम. चार दिवस जेवला नाय.” सोमवारी त्याने तिकडे “नाही” असं कळवून टाकलं.

अहवाल मी अगदी जपून लिहिला. उत्साहात माणूस जास्त लिहितो आणि मग ते मुलाला महागात पडतं. रुपेशला उद्या, परवा, जर-तर कळत नाही. न पाहिलेल्या गोष्टींबद्दल विचारून उपयोग नाही. मशीनवर बसवू नये. पण ओळखीच्या वस्तू, माणसं आणि कामं यांबद्दलची छोटी वाक्यं त्याला समजतात, आणि त्यांना तो भरवशाचा हो आणि भरवशाचा नाही देतो. त्याचा नाही म्हणजे गप्प राहणं. शबानाने महिनाभर पाहते म्हणत रुपेशला ठेवून घेतलं. त्याला आता बरेच महिने झाले. सकाळी पोलादपूरहून येणाऱ्या एसटीत काका त्याला बसवतात, इथे शबानाचा माणूस उतरवून घेतो.

तांबड्याही आहे. देवीला नारळावर राजी केलं. ते गाऱ्हाणं घालताना, म्हणे, काका रुपेशकडे वळून थांबले, आणि त्याचा होकार येईपर्यंत सगळी वाडी थांबली.

अहवालाच्या शेवटी सूचना लिहाव्या लागतात, जो कुणी त्या मुलाबरोबर काम करेल त्याच्यासाठी. मी लिहिलं: प्रश्न त्याला एकट्याला विचारावा. सगळ्यांच्या आवाजात विचारू नये. उत्तरासाठी थांबावं. कोपर मारू नये.

शबानाने वाचून विचारलं, “हे शेवटचं तुमच्या शास्त्रातलं आहे?”

“नाही,” मी म्हटलं, “पण आता असायला हवं.”